एक दुपार वगळून

माझा धाकटा भाऊ लोकांची दारू सोडवायचं काम करायचा. असं सांगितलं की लोक विचारत, डॉक्टर आहे का? मी म्हणायची, छे, पेशंट होता. समोरचा हसायचा, मग हसू आवरायचा आणि पाण्याचा किंवा भाज्यांच्या भावाचा विषय काढायचा. चौदा वर्षं तो प्यायला, तीच त्याची पदवी. व्यसनमुक्ती केंद्रानं त्याच्या ओळखपत्रावर ‘सहकारी मार्गदर्शक’ असं छापलं होतं. तिथले लोक मात्र त्याला कोरडेसाहेब म्हणत. आमचं आडनाव कोरडे नाही.

त्याआधी तो लिफ्टचा मिस्त्री होता. हात सोन्याचे आणि तोंड बाटलीला. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच, आणि तिनं केलं ते योग्यच केलं. मी तिच्या जागी असते तर चार वर्षं आधी गेले असते. मागे उरलो मी आणि आई. आईनं त्याच्यासाठी देव पाण्यात घातले, मी त्याला दोनदा घराबाहेर घालवलं. दोन्हीचा उपयोग सारखाच झाला. शेवटी केंद्रात तिसऱ्या खेपेला ठेवल्यावर तो सुटला तो तिथल्या म्हाताऱ्या वॉचमनमुळे. हा वॉचमन वीस वर्षांपूर्वी त्याच खाटेवर थरथरत पडलेला माणूस. अकरा दिवस तो ड्युटी संपली की भावाच्या उशाशी येऊन बसायचा आणि अवाक्षर बोलायचा नाही. भाऊ म्हणायचा, “ताई, सगळे मला वरून बघत होते. तो एकटा बाजूनं बघत होता.”

पुढे भावानंही तेच काम धरलं. काम म्हणजे काय, तर सोबत. नवीन माणूस आला की हा त्याच्याबरोबर कामावरून घरापर्यंत चालत जायचा आणि वाटेत एकही गुत्ता लागणार नाही असा रस्ता शोधून काढायचा. मग तो दोन मैल लांबचा का असेना. प्रत्येकाचा रस्ता कागदावर काढून द्यायचा. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहायचा. लिव्हरचा रिपोर्ट येईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर माणसाशेजारी बसून राहायचा. उपदेश मात्र करायचा नाही. “भाषण ऐकलं की माणूस आधी मान हलवतो आणि मग थेट गुत्ता गाठतो,” असं त्याचं म्हणणं. मी कपड्यांची दुरुस्ती करते, उसवायचं आणि शिवायचं. मला त्याचं काम कळायचं.

केंद्राच्या मोठ्या खोलीत एक फळा होता. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि पुढे न पिता गेलेले दिवस. रोज सकाळी ज्याचा त्यानं आपला आकडा पुसायचा आणि एक वाढवून लिहायचा. जो घसरला त्यानं सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं शून्य लिहायचं. माझ्या भावाचं नाव सगळ्यांत वर असायचं. केंद्राच्या मॅडम देणगीदारांना आधी त्या फळ्यापाशी नेत आणि वरच्या नावावर बोट ठेवत. भावाला ते आवडायचं नाही. मला आवडायचं. ज्या गल्लीनं मला वर्षानुवर्षं ‘बेवड्याची बहीण’ म्हटलं, तीच गल्ली आता आपापले नवरे आणि पोरगे माझ्या दारात आणून सोडत होती. “ताई, तुमच्या भावाला सांगा ना,” म्हणत होती. अंगावर मूठभर मांस चढायचं माझ्या. खोटं कशाला बोलू.

आकडा सव्वादोन हजारांच्या पुढे गेला तेव्हा आई गेली. महिनाभरानं आम्ही तिची खोली आवरायला काढली. मी दुकानात दोरे आणायला गेले होते, भाऊ शिडी लावून माळ्यावर चढला होता. परत आले तर घरात चिडीचूप. हाक मारली, उत्तर नाही. वर डोकावले तर जुन्या गाद्यांच्या मागे हा पाय पसरून बसलेला आणि हातात अर्धी बाटली. ती त्याचीच होती. पीत असताना कधीतरी आईपासून लपवून ठेवली होती आणि विसरून गेला होता. आईला तिथवर चढता येत नव्हतं आणि मला माळ्यावर जायचा कंटाळा. म्हणून सहा वर्षं ती बाटली आमच्या डोक्यावर सुखानं नांदत होती.

दुपारचे तीन वाजले होते. मी त्याला खाली उतरवलं, डोक्यावर पाणी ओतलं आणि पांघरूण घालून झोपवलं. संध्याकाळी जाग आल्यावर तो रडला नाही की गयावया केली नाही. एवढंच म्हणाला, “ताई, उद्या शून्य लिहावं लागेल.”

“कशाला?” मी म्हणाले.

“कशाला म्हणजे? प्यायलो ना मी.”

“एका दुपारसाठी सहा वर्षं पाण्यात घालतोस? कुणी पाहिलं? मी पाहिलं. मी काय फळा घेऊन फिरतेय का?”

“मी पाहिलं ना.”

“मग तू लक्षात ठेव. पुन्हा करू नकोस म्हणजे झालं. मॅडम तुझं कार्ड काढून घेतील, आणि ती सगळी माणसं कुठं जातील? झाकली मूठ सव्वा लाखाची. ही गोष्ट घरातल्या घरात राहील.”

माणसांचं कारण मी पुढे केलं. आत मला गल्ली दिसत होती. पुन्हा ‘बेवड्याची बहीण’ व्हायला मी तयार नव्हते. त्यानं रात्रभर विचार केला असावा. सकाळी तो केंद्रात गेला आणि त्यानं आकडा एकानं वाढवून लिहिला. संध्याकाळी घरी आल्यावर खडू लागलेला हात नळाखाली धरून बराच वेळ उभा राहिला. त्यानंतर त्यानं थेंबही घेतला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण ‘शून्य’ हा शब्दही त्यानं घरात पुन्हा काढला नाही.

तीन वर्षं गेली. त्या काळात त्याच्याकडे एक सुतार आला. चाळिशीचा, कमी बोलणारा, लाकडाचा वास येणारा माणूस. त्याला एक मुलगी, आणि बायको एका ऑफिसात साफसफाई करणारी. भावाचा त्याच्यावर जीव होता. त्याला घेऊन हा आठ महिने लांबच्या रस्त्यानं चालला. सुतारानं चौदा महिने दारूला स्पर्श केला नाही. आमच्या स्वयंपाकघरातलं लोंबकळणारं कपाट त्यानं चहाच्या दोन कपांवर नीट करून दिलं आणि मला म्हणाला, “ताई, आता हे तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल.” मला लग्नच नाही, तर नातवंडं कुठली, असं मी म्हटल्यावर तो इतका लाजला की बिजागरी हातातून पडली.

मग एका सकाळी तो आला तोच उतरलेल्या चेहऱ्यानं. मी मशीनवर एका पँटची शिवण उसवत होते, भाऊ समोर पेपर वाचत होता. सुतार खुर्चीवर बसला नाही, जमिनीवर बसला.

“काल एका घरी काम संपलं, दादा,” तो म्हणाला. “मालक खूश झाला. ग्लास भरून पुढे केला. मी नाही म्हणायच्या आत पिऊन झाला होता. मग येताना जवळच्या रस्त्यानं आलो.”

भाऊ म्हणाला, “होतं. चल, आपण मिळून जाऊ. शून्य लिहू आणि उद्या एक लिहू.”

सुतारानं मान वर केली. “दादा, एक खरं सांगा. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही नाही?”

माझी कात्री थांबली. भावानं माझ्याकडे पाहिलं. तो मला विचारत होता. लहानपणी चोरून काही केलं आणि बापानं विचारलं की तो आधी असाच माझ्याकडे बघायचा. मी ‘नको’ अशी मान हलवली. अगदी थोडीशी, पण त्याला पुरेल इतकी. आणि मशीन चालू केलं.

“नाही,” भाऊ म्हणाला. “पण त्याचा तुझ्याशी काय संबंध? प्रत्येकाचं वेगळं असतं.”

सुतार हसला. वाईट हसला. “मग बरोबर आहे. लाकूडच किडकं असेल तर रंधा मारून काय होणार?”

चहा न घेता तो उठला. संध्याकाळी केंद्रात येतो म्हणाला आणि आला नाही. भाऊ नऊ दिवस रोज त्याच्या दाराशी जाऊन बसला. आतून टीव्हीचा आवाज यायचा, दार उघडायचं नाही. दहाव्या दिवशी सुताराच्या बायकोचा फोन आला तो हॉस्पिटलमधून. रक्ताच्या उलट्या थांबत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी तो गेला.

सुताराची बायको महिन्यानं आमच्याकडे आली. हातात त्याचा तो रस्त्याचा कागद होता, माझ्या भावानं काढून दिलेला. तो परत द्यायला आली होती. म्हणाली, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. मग म्हणाली, “दादा, तुम्ही फार केलंत. दोष तुमचा नाही. मी मुलीला सांगितलंय, बघ, इच्छा असली की माणूस नऊ-नऊ वर्षं थेंबाला शिवत नाही. तुझ्या बापाला आपण तेवढे हवे नव्हतो.”

हे ती कडवटपणे म्हणाली असती तर सोसलं असतं. ती साधेपणानं म्हणाली, ठरवून टाकल्यासारखं. मुलगी अकरा वर्षांची आहे. ती हे वाक्य घेऊन मोठी होणार. ती गेल्यावर मी भावाला म्हणाले, “जाऊ दे, दुःखात माणूस काहीही बोलतो.” त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

शनिवारी केंद्रात सगळे गोल करून बसतात. त्या शनिवारी तो उठला, फळ्यापाशी गेला, नऊ वर्षांचा आकडा पुसला आणि खरे दिवस मोजून लिहिले. माळा, गाद्या, बाटली, दुपारचे तीन, सगळं सांगितलं. सुतारानं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं तेही सांगितलं. हे मला मॅडमच्या फोनवरून कळलं. मॅडमचा आवाज थंड होता. संस्थेची नाचक्की झाली, देणगीदारांना आता काय तोंड दाखवायचं, असं त्या म्हणाल्या. सोमवारी कार्ड जमा करून घेतलं. भावाच्या दोन माणसांनी केंद्रात यायचं सोडलं. त्यातला रंगारी त्याच संध्याकाळी प्यायला आणि वर म्हणाला, गुरूच असा तर चेल्यानं काय करावं. पण तिघेजण एकेकटे भावाला बाहेर गाठून हळूच म्हणाले की आम्हीही लपवलंय, आम्ही समजत होतो आम्हीच तेवढे. हे त्यानं मला घरी येऊन सांगितलं. “हेच आपल्या सुताराला ऐकायला हवं होतं ना, ताई,” तो म्हणाला.

एक गोष्ट मी मॅडमना आडून विचारली. माझं नाव आलं का? नाही, त्या म्हणाल्या, तुमचा काय संबंध?

आता तो एका इमारतीत पुन्हा लिफ्ट दुरुस्त करतो. गल्ली मला काही म्हणत नाही, फक्त कुणी आपला नवरा घेऊन दारात येत नाही.

परवा सुताराची बायको पुन्हा आली. बातमी तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला होता. भाऊ आत स्वयंपाकघरात चहा करत होता, दार अर्धवट लोटलेलं. ती उंबऱ्यातच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

“ताई,” ती म्हणाली, “तुमच्या भावानं हे त्या दिवशी सांगितलं असतं तर आमचा हा परत केंद्रात गेला असता का?”

मी म्हणाले, “कसं सांगणार, बाई.”

“गेला असता,” ती म्हणाली. “मला माहीत आहे तो. घरी येऊन दिवसभर एकच बोलत होता, दादा एकदाही नाही, दादा एकदाही नाही.” मग तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. “का नाही सांगितलं त्यांनी? एवढा चांगला माणूस. कुणी अडवलं होतं?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. तीन शब्दांचं होतं. आत कपबशांचा आवाज थांबला होता, म्हणजे तोही ऐकत होता.

“चुकलंच त्याचं,” मी म्हणाले. “मानाला भुलला.”

तिनं मान हलवली. “असंच असणार,” म्हणाली आणि जिना उतरून गेली.

भाऊ बाहेर आला. ट्रेमध्ये तीन कप होते. उंबरा रिकामा बघून त्यानं एक कप बाजूला सारला. त्यानं मला तिथल्या तिथे शिवी हासडली असती, मी खोटारडी आहे असं ओरडून साऱ्या गल्लीला ऐकवलं असतं, तर मी त्याचे पाय धरले असते. त्यानं कप माझ्या मशीनवर ठेवला, कपड्याला लागणार नाही असा जरा लांब.

“घे ताई,” तो म्हणाला. “गार होतोय.”