सरळ घराची वाकडी फ्रेम

चामोर्शीत गुणवंतराव फोटोवाल्याचं नाव काढा, लोक आधी मान डावीकडे कलती करून दाखवतील, मग हसतील. उभा जन्म कॅमेऱ्याला डोळा लावून लावून त्यांची मान तशीच राहिली. पण मान वाकडी नि फोटो सरळ, ही ख्याती. लोकांच्या मोबाइलात घरं मोहाची दारू चढल्यागत झुकतात. गुणवंतरावांच्या फोटोत गोठासुद्धा ताठ उभा!

अलीकडे मात्र ते फार थकले होते. गिऱ्हाईक बोलत असतानाच डोळा लागायचा. त्यात मुखरूच्या वास्तुशांतीच्या फोटोचं काम आलं. मुखरूनं दुमजली घर बांधलं होतं आणि ते गावाला दाखवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

घरासमोर सारं खटलं उभं केलं. मुखरूची विधवा काकू रुखमाबाई आपली आपणच पार कडेला जाऊन उभी राहिली. शुभकार्यात तिला जागा दाखवावी लागत नाही. उन्हाळाभर नव्या भिंतींवर पाणी मारायला मात्र तीच होती. तेव्हा तिला कडेला हो असं कोणी म्हटलं नाही.

कॉम्प्युटरवर फोटो उघडला नि गुणवंतरावांना घाम फुटला. घर झुकलेलं. शेवटी मानेनं डाव साधला होता.

मुखरू ओरडतच आला. "गुणवंतभाऊ, घर कलंडून राह्यलं ना! पाहुणे गेले आपापल्या गावी, आता कुठून आणू?"

"करतो बा सरळ."

त्यांनी फोटो फिरवला. घर ताठ झालं. पण फिरवला की कडा कापाव्या लागतात. त्यात रुखमाबाई गेली. उरला तिच्या लुगड्याचा काठ.

"हां, आता जमलं!" मुखरू खूश.

"अन् काकू?"

"काकूले काय पाह्यतं? घर पाह्य! नाई तरी कोपऱ्यातच होती."

गुणवंतरावांना बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण थकलेल्या माणसाला भांडणाचाही कंटाळा येतो. "उद्या फ्रेम आणतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी न कापलेला, वाकडाच फोटो फ्रेम करून आणला. कडी मुद्दाम एका बाजूला ठोकलेली. मुखरूच्या भिंतीवर लावताच फ्रेम तिरकी लोंबली, आतलं घर मात्र ओळंबा धरल्यागत सरळ. कडेला रुखमाबाई, अख्खी.

मुखरूनं फ्रेमकडे पाहिलं, मग गुणवंतरावांच्या मानेकडे. "फ्रेम वाकडी आहे न, भाऊ."

"तुले घर सरळ पाह्यजे होतं का फ्रेम?"

मुखरूनं फ्रेम तशीच राहू दिली.

आता घर पाहायला येणारा प्रत्येक शहाणा आधी बोटानं फ्रेम सरळ करतो. की घर कलंडलं! मुखरू कपाळ बडवतो. मग आतून रुखमाबाई पदराला हात पुसत येते, फ्रेम पुन्हा तिरकी करते नि जराशी तिथंच थांबते.

ही बातमी चहावाल्यानं मीठमिरची लावून दुकानात आणली, तेव्हा गुणवंतरावांनी डोळे उघडले नाहीत. "करू दे तिले," म्हणाले, आणि वाकडी मान तशीच टेबलावर टेकवली.