सोबतीला आलेली आत्या

मला नोकरी लागल्याचा आनंद आमच्या घरात पहिल्या संध्याकाळपुरता टिकला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "पण राह्यशील कुठं?"

लोणारला एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये मला टेक्निशियन म्हणून घेतलं होतं. आमच्या जानेफळहून लोणार काही परमुलूख नाही. मेहकरला गाडी बदलली की झालं. पण लॅबचं काम भल्या सकाळी सुरू व्हायचं. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं दार उघडण्याआधीच पायरीवर बसलेली असत, आणि तेवढ्या लवकर पोचवणारी गाडी आमच्या गावातून नव्हती. म्हणजे लोणारलाच खोली करणं आलं. पोरगी एकटी राहणार ही गोष्ट बाबांच्या घशाखाली उतरेना. आईला घर सोडून येणं शक्य नव्हतं. बराच खल झाला. शेवटी आई भाकर थापता थापता म्हणाली, "मंग बाईले पाठवा न् सोबत."

बाई म्हणजे माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण. ती तिथंच बसून लसूण सोलत होती. बाबा म्हणाले, "हाव, हे जमते." मी आत्याकडे पाहिलं. हातातली पाकळी सोलून तिनं पुढची घेतली. जाशील का, असं तिला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्नानंतर वर्षभरातच आत्या सासरहून परत आली होती. नवऱ्यानं दुसरी केली होती. तेव्हापासून, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून, ती आमच्याच घरात होती. घरात तिचं कोणी वाईट केलं नाही. सणाला आईला साडी आली की तिलाही यायची. तिचा रंग मात्र आई निवडायची.

लोणारला बसस्टँडपासून जवळच आम्हाला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. खाली लेडीज टेलरचं दुकान होतं. ते चालवणारी बाईच आमची घरमालकीण. गळ्यात टेप, डोळ्याला जाड चष्मा आणि आवाज असा, की मशीन चालू असतानाही रस्त्यापलीकडच्या माणसाशी बसल्या जागेवरून बोलायची. आम्ही पिठाचा डबा आणि शेगडी वर चढवत होतो तेव्हा तिनं आत्याला हटकलं, "नाव काय वो तुमचं?"

आत्या गोंधळली. आधी माझ्याकडे बघितलं, मग हळूच नाव सांगितलं. घरात आई-बाबा तिला बाई म्हणत, आम्ही भावंडं आत्या, आणि गल्लीतली पोरंसुद्धा आत्याच. तिचं नाव मला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चांगलं, ठसठशीत नाव आहे. इथं ते लिहीत नाही. तिनं इतकी वर्षं स्वतःजवळ जपलेलं, ते तिच्याकडंच असू द्यावं.

सुरुवातीचे दिवस दोघींनाही जड गेले. मला घरची आठवण यायची. दिवसभर मी दंड बांधून शिरा शोधायची, लहान लेकरं किंचाळायची, म्हातारी माणसं "हळू टोच व माय" म्हणत तोंड फिरवायची. कधी एखाद्या बाईची शीर सापडायची नाही, डॉक्टर आतून हाक मारायचे आणि मी दुसरा दंड बांधायला घ्यायची. दुपारी खोलीवर आले की आत्याच्या मांडीवर डोकं ठेवायची. ती तेल घेऊन बसलेलीच असायची. तिची बोटं केसांतून फिरायला लागली की दवाखान्याचा तो स्पिरिटचा वास हळूहळू नाकातून जायचा.

आत्या मात्र दिवसभर दार लावून बसायची. खिडकीपाशी बसून तांदूळ निवडायची, निवडलेले पुन्हा निवडायची. आणि प्रत्येक गोष्ट मला विचारायची. भाजी कायची करू? पाणी तापवू का? खिडकी उघडी ठेवली तं चालते का? घरी तिला हे सगळं आईला विचारायची सवय होती. इथं आई नव्हती म्हणून ती मला विचारायची, तिच्या निम्म्याहून कमी वयाच्या पोरीला. एक दिवस मी म्हटलं, "आत्या, तुले जे आवडते ते कर न्."

तिनं ओट्यावरचे डबे एकेक करून उघडून पाहिले. मग म्हणाली, "मले काय आवडते, ते पाह्यलंच नाही व कधी."

त्या दिवशी तिनं आपली साधी डाळच केली. पण विचार चालू असावा. दोनतीन दिवसांनी मी दारातून आत आले तर खोलीभर लसणाचा आणि वाफेचा वास. तिनं फुणके केले होते. भिजवलेली डाळ भरड वाटून, मिरची-लसूण घालून मुठीएवढे मुटके करायचे, वाफवायचे आणि कढीत कुस्करून खायचे. आमच्या घरी बाबांना ते कोरडे लागतात म्हणून कधी होत नसत. आत्यानं समोरासमोर दोन ताटं वाढली, आणि मी जेवायला बसायच्या आत स्वतः पहिला घास घेतला. असं मी तिला आजवर कधी करताना पाहिलं नव्हतं. घरी ती सगळ्यांचं झाल्यावर जेवायची.

खालच्या मावशीनं, म्हणजे टेलरबाईनं, तिला दाराबाहेर काढलं. लग्नसराई होती, ब्लाउजांचा ढीग पडलेला. जिन्यावरून उतरताना आत्या दिसली की ती ओरडायची, "रिकाम्या हायेत का? या, हुक लावा दोन!" आत्या लाजत लाजत जाऊन बसली. हुक लावले. मग साड्यांना फॉल लावू लागली. तिचा टाका बारीक आणि सरळ. मावशी ते गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवायची. हळूहळू गिऱ्हाइकं आत्याला नावानं विचारू लागली. महिनाअखेरीला मावशीनं तिच्या हातात पैसे ठेवले, तेव्हा आत्या वर येऊन माझ्यासमोर ते धरून उभी राहिली. "हे कोनाले देऊ?" म्हणाली. मी म्हटलं, "कोनालेच नाही. तुहे हायेत." मग ती बाजारात गेली आणि स्वतःसाठी एक छत्री घेऊन आली. जर्द पिवळी, कडेला फुलं असलेली. उन्हाळा होता. पावसाची कुठं चाहूलही नव्हती. ती उन्हात छत्री धरून या दुकानापासून त्या दुकानापर्यंत जायची.

एका दुपारी मी दमून आले तर दाराला कुलूप. चावी तिच्याकडे. मावशीचं दुकानही बंद. मी जिन्यात बसून राहिले. भूक लागलेली, त्यात पाळीचं पोट दुखत होतं. मनात म्हटलं, ही माझ्या सोबतीला आली आहे की मी हिच्या? तेवढ्यात दोघी रस्त्यानं येताना दिसल्या. धारेवर आंघोळीला गेल्या होत्या. सरोवराच्या काठावरची ती धार बाराही महिने वाहते. आत्याचे केस मोकळे आणि ओले होते, आणि मावशीच्या कशाला तरी ती हसत होती, मान मागं टाकून, तोंडावर पदर न घेता. मला बघून दचकली. "माय वो, तू आली का बाई? काऊन मावशीच्या फोनवर फोन नाही केला?"

रागवायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं, पण तिच्या चेहऱ्याकडं पाहून नुसतं म्हटलं, "भूक लागली."

"चाल, करतो," ती म्हणाली आणि पायऱ्या चढता चढता धारेचं पाणी किती गार होतं ते सांगत राहिली. थोडा हेवा वाटला मला, हेही कबूल करते. इतके महिने त्या गावात राहून माझी एकही मैत्रीण झाली नव्हती.

दिवाळीला आम्ही दोघी घरी गेलो. आईचे गुडघे दुखत होते, त्यामुळे पोचल्या पोचल्या आत्यानं पदर खोचला. चार दिवस मी तिला फक्त स्वयंपाकघरात पाहिलं. बोलायची ते हो-नाही एवढंच. सगळ्यांचं झाल्यावर, भिंतीकडं तोंड करून जेवायची. मी म्हटलं, "आत्या, माह्यासोबत बस." तर म्हणाली, "हो, हो, तू जेव." परतीच्या गाडीत मेहकर येईपर्यंत ती गप्प होती. मेहकरला गाडी बदलताना तिनं भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि लोणारच्या गाडीत बसल्यावर बोलायला लागली, ती उतरेपर्यंत थांबली नाही.

पुढच्या वर्षी मला मलकापूरला मोठ्या दवाखान्यात काम मिळालं. पगार बरा, शिकायला जास्त, आणि बायकांसाठी दवाखान्याचंच वसतिगृह. म्हणजे सोबतीची गरज नाही. बाबांना फोन केला तर ते खूश. म्हणाले, "चांगलं झालं. बाईले घरी आणून सोड. तुह्या मायले आता काम होत नाही."

मी वर जाऊन आत्याला सांगितलं. ती एका शालूला फॉल लावत होती. दोरा संपेपर्यंत शिवत राहिली, गाठ मारली, दातानं तोडला. मग म्हणाली, "तू जाय. चांगली नोकरी हाये. मी इथंच राहीन."

"एकटी?"

"एकटी काऊन? खाली मावशी हाये."

बाबांना फोनवर सांगायची हिंमत माझी झाली नाही. आत्यानंच फोन मागून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं बाबा हजर.

खुर्ची एकच होती. बाबा तिच्यावर बसले, आत्या खाली, मी दाराला टेकून उभी. बाबा रागावलेले नव्हते. तेच अवघड होतं. ते गोंधळलेले होते. "बाई, तुले काही कमी केलं का आम्ही?"

"नाही भाऊ."

"तुह्या वयनीनं काही बोललं?"

"नाही."

"मंग? लोकं म्हणतीन, भावानं बहिणीले घराबाहेर काढलं. मी काय सांगू त्याइले?"

आत्या जमिनीकडं बघत होती. मग तिनं मान वर केली. शब्द एकेक स्पष्ट होते. "भाऊ, लग्न केलं तवा मले कोनी इचारलं नाही. सासरून आणलं तवाबी नाही. इथं धाडलं तवाबी नाही. तुम्ही माह्यं वाईट नाही केलं. पण इचारलं नाही. आता मी सांगून राह्यली. मले इथं करमते. मले इथंच राहू दे."

खाली मशीनचा आवाज चालू होता, मग तो थांबला. मावशीचा कान वरच असणार. बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. खोलीभर नजर फिरवली. ओटा, डबे, खिडकीवरचा पडदा, खुंटीवरची पिवळी छत्री. मग खोकल्यासारखं करून विचारलं, "गॅसचं सिलिंडर वरतं कोन चढवते?"

मला हसू आलं आणि रडूही. आत्या म्हणाली, "गाडीवालाच देते आणून. पार वरतं."

"वरतं देते? बरं." आणि थोड्या वेळानं, "भाडं जमते का?"

"जमते."

त्या संध्याकाळी बाबा परत गेले नाहीत, राहिले. सकाळी बाजारातून एक खुर्ची घेऊन आले, डोक्यावर धरून. ती दाराशी ठेवली आणि गाडीला गेले. घरी आई आठवडाभर कोणाशी धड बोलली नाही, असं धाकट्या भावानं सांगितलं. मग कामाला एक बाई लावली, आणि चाललं.

मी आता मलकापूरला आहे. गाव वेगळं आहे. कापसानं भरलेल्या गाड्या, दिवसभर हायवेचा आवाज आणि वसतिगृहाच्या गच्चीवरून ऐकू येणाऱ्या रेल्वेगाड्या. कधी एखादी संध्याकाळ अशी येते, की ताटात काय वाढलंय तेही दिसत नाही. आईला फोन करावा तर ती काळजी करत बसेल. अशा वेळी मी आत्याला फोन करते. ती मागं मशीनची खडखड असताना ओरडून बोलते, ऐकते अर्धंच, पण तेवढ्यानंही बरं वाटतं.

या हिवाळ्यात ती पहिल्यांदा मलकापूरला आली, एकटी, चार गाड्या बदलून. मी दोन दिवस रजा टाकली होती. म्हटलं, काय पाहायचं तुला? म्हणाली, "रेल्वे." आम्ही स्टेशनावर जाऊन बाकावर बसलो. गाड्या येत होत्या, थांबत होत्या, काही न थांबता धडाडत जात होत्या. ती प्रत्येक गाडीबद्दल विचारायची, ही कुठली, ही कुठं जाते. तासभर झाल्यावर म्हणाली, "गाडीत बसाचं का?"

"कुठं जायाचं?"

"कुठं बी. वापस येता आलं पाह्यजे."

भुसावळची दोन तिकिटं काढली. भुसावळला आमचं कोणी नाही, काही काम नाही. डब्यात शिरलो तर खिडक्या सगळ्या भरलेल्या. मी उभी राहायला जागा शोधत होते, तोवर आत्या एका जाड माणसासमोर जाऊन म्हणाली, "भाऊ, जरा खिडकी देता का? मी पहिल्यांदाच बसून राह्यली रेल्वेत."

तो माणूस हसून सरकला. आत्या बसली, पाय वर घेतले, पदर सारखा केला. गाडी हलल्यावर तिनं दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले. बाहेर तुरीची शेतं, मग कापूस, मग एक लहान स्टेशन, त्यावर एकटंच उभं असलेलं कुत्रं. वाऱ्यानं तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायला तिला सवड नव्हती. शेजारच्या माणसानं विचारलं, कुठं निघालात म्हणून. आत्यानं मागं वळून न बघता सांगितलं, "भुसावळले. आन् मंग वापस."