ग्रीसचा डोंगरी चहा, वाळवा तालुक्यात

“ह्यास्नी एक वेळ जेवायला नसलं तर चालंल, पर चारला च्या नसला तर घरात मी न्हाई असं वाटतंय बघ,” असं आई एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली होती. तेव्हा मी कॉलेजात होते आणि आई कौतुक करतेय की तक्रार, हे मला कळलं नव्हतं. तिला जाऊन अडीच वर्षं झाली. अप्पांनी तेव्हापासून चहा घेतलेला नाही.

कारण काशी. तिथे अस्थी विसर्जन झाल्यावर गुरुजींनी विचारलं, “काय सोडता?” आवडीची एक वस्तू सोडायची पद्धत आहे. आमच्याकडची माणसं ही पद्धत विचार करून पाळतात. शेजारच्या तात्यांनी पडवळ सोडलं, जे त्यांनी आधीही कधी खाल्लं नव्हतं. आमच्या एका चुलत्यांनी फणस सोडला. वाळव्यात वर्षातून एकदा कोणी फणस आणला तर आणला. अप्पा फौजेतले निवृत्त हवालदार, त्यांना पळवाट सुचत नाही. त्यांनी चहा सोडला.

गावात चहा सोडणं म्हणजे माणसांत जाणं सोडणं. कुणाच्या दारात गेलं की चहा येतो. नको म्हटलं की घरातली बाई खट्टू होते. दोन-तीनदा असं झालं की माणूस त्या दारात जात नाही. अप्पा आता कुठेच जात नाहीत.

गेल्या सप्टेंबरात मी ग्रीसला गेले होते. डोंगरातल्या एका खेड्यात उतरले होते. घरमालकीणबाई रोज संध्याकाळी वाळलेल्या काड्या पातेल्यात उकळायच्या आणि आम्ही दोघी अर्धा तास गप्प बसून ते प्यायचो. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला ग्रीक. हा तिथला डोंगरी चहा. ह्यात चहाची पत्ती नसते. डोंगरउतारावरचं एक झुडूप देठ, पानं, फुलांसकट कापून वाळवतात, एवढंच. निघताना त्यांनी मला तीन जुड्या दिल्या. विमानात बसल्यावर माझ्या डोक्यात आलं: पत्ती नाही, म्हणजे अप्पांना चालेल.

जानेवारीत तीन दिवसांची रजा टाकली.

पहिला दिवस पाचगणीचा. तो चहा मधाबरोबर पितात, म्हणून मधासाठी वाट वाकडी केली. स्वारगेटहून सकाळी सहाची महाबळेश्वर एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, खिडकी मात्र पूर्ण मिळते. वाईच्या पुढे पसरणी घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी पुढच्या सीटवर बसावं. पाचगणीत स्ट्रॉबेरी खाल्ली, कारण न खाता परत येणाऱ्याला लोक कारण विचारतात. मधाच्या दुकानात दहा चवी चाखायला देतात. सहाव्यानंतर सगळे सारखे लागतात, तेव्हा निर्णय तिसऱ्यालाच घ्या.

मुक्काम साताऱ्यात, मैत्रिणीकडे. गावी नेण्याआधी एकदा करून बघावं म्हणून मी तिच्या ओट्यावर तयारी केली. कृती सोपी आहे. एका कपाला दोन-तीन काड्या मोडून गार पाण्यात टाकायच्या. उकळी आली की चार मिनिटं मंद आचेवर, मग झाकून पाच मिनिटं. रंग फिकट सोनेरी येतो. वास शेवंतीच्या वाळल्या फुलांचा आणि थोडा लिंबाच्या सालीचा. मी कप आणायला वळले तेवढ्यात मैत्रिणीच्या सासूबाईंनी त्यात दूध, साखर आणि ठेचलेलं आलं घातलं.

“मावशी, ह्यात दूध नसतं घालायचं.”

“अगं बाई, कोरा च्या कोन पितं? दुखण्यातला न्हाईतर सुतकातला,” त्या म्हणाल्या. “पाव्हण्याला दुधाचाच द्यावा.”

आम्ही तिघींनी तो प्यायला. हळदीचं दूध आणि सर्दीचं औषध ह्यांच्या मधलं काहीतरी झालं होतं. मावशींनी दुसऱ्यांदा घेतला. एक जुडी मी त्यांनाच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सातारा–सांगली गाडी. हायवेचं काम चालू आहे, त्यामुळे कराडपर्यंत किती वेळ लागेल हे कंडक्टरलाही विचारू नये. मी विचारलं. “रस्त्याला इचारा ताई,” तो म्हणाला. कराडच्या स्टँडवर वडापाव बरा मिळतो. पेठ नाक्यानंतर दोन्ही बाजूंना ऊस लागतो आणि उसाच्या ट्रॅक्टरमागून गाडी रांगत इस्लामपुरात येते. तिथून गावाला वडाप. सहा माणसांच्या जीपमध्ये आम्ही अकरा होतो आणि उरलेल्या दोन्ही जुड्या मी डोक्याच्या वर धरल्या होत्या. “कसली धुरी म्हनायची ही?” शेजारच्या बाईंनी विचारलं. मी चहा म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

घरी भावजय संगीताने पातेलं घासूनच ठेवलं होतं. “ताई, ते घेतील असं वाटत न्हाई हं मला,” ती म्हणाली. “चार वाजलं की उठून मोटर चालू करायला रानात जात्यात. वीज नसली तरी जात्यात.”

म्हणून मी पावणेचारलाच मध घातलेले दोन कप घेऊन बाहेरच्या सोप्यात गेले. अप्पा खाटेवर पेपर वाचत होते. मी युक्तिवाद तयार केला होता. ह्यात पत्ती नाही, झाड वेगळं, देश वेगळा, काशीच्या गुरुजींना ह्याचं नावसुद्धा ठाऊक नसणार.

अप्पांनी एक काडी हातात घेतली, चोळली, हुंगली. “लेहला असली झुडपं बघितल्यात. उंचावरली हाय.”

“हो. मग घ्या ना. ह्यात चहा नाहीच.”

“पत्ती कुठं सोडली मी?” ते म्हणाले.

“मग काय सोडलं?”

“चारला बसायचं सोडलं.”

काडी त्यांनी ताटलीत नीट सरळ ठेवली. आई असताना दोघं रोज चारला ह्याच सोप्यात चहा घेत बसायचे. मी ग्रीसहून, पाचगणीहून आणि साताऱ्याहून पत्तीचा प्रश्न सोडवत आले होते, आणि तो प्रश्नच नव्हता.

तेवढ्यात फाटकाशी तात्या आले. रोज येतात, असं संगीता म्हणाली. येतात आणि फाटकाशीच उभे राहतात.

“पाव्हनी आली व्हय? बरी हाईस न्हवं?”

“आत या ना, तात्या.”

“नगं. आत आलो की तुमी च्या देनार, अन् ह्यो हवालदार भिताडाकडं तोंड करून बसनार. त्येच्यापरास हितं बरं हाय. गुडघं तेवढं कुरकुरत्यात.”

मी अप्पांचा कप फाटकापर्यंत नेऊन दिला. तात्यांनी फुंकर मारून घोट घेतला आणि बराच वेळ उसाकडे बघितलं.

“कसा आहे?”

“च्या न्हाई ह्यो. पर वंगाळ बी न्हाई,” ते म्हणाले. “मूठभर साखर पडली असती तर लय बेस झाला असता. एवढा ऊस काय बगायला लावलाय व्हय?”

मी परत येऊन बसले. सोप्यातलं घड्याळ चारवर आलं. अप्पांनी पायाने चपला ओढल्या. मग म्हणाले, “तुझा निवंल. पी.”

मी पीत राहिले. अप्पा उठले नाहीत. पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि माझ्या कपाकडे बघत बसले. मी शक्य तितक्या हळू प्यायले. शेवटी कप रिकामा झाला, तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. ते म्हणाले, “मोटर ऱ्हायली,” आणि गेले. वीज नव्हती.

परत पुण्यात येऊन आठवडा झाला. असा प्रवास करावा का, असं कुणी विचारलं तर करा. मध लांबूनच आणायला हवा असं नाही, इस्लामपुरातही मिळतो, हे मला संगीताने नंतर सांगितलं. डोंगरी चहा अप्पांना आवडतो का, हे मला अजून माहीत नाही. तीन दिवसांच्या प्रवासातून हाती आली ती वीस मिनिटं, आणि त्यांचं काय करायचं हे मी रोज चारला ऑफिसात बसून ठरवते.

अप्पा, हे संगीता तुम्हाला मोबाइलवरून वाचून दाखवणार आहे. तुम्ही “बघू” म्हणाल आणि आपल्या घरात “बघू”चा अर्थ काय होतो ते मला लहानपणापासून माहीत आहे. तरी विचारते. उरलेल्या दोन जुड्या स्वयंपाकघरात फळीवरच्या डब्यात आहेत. तुम्ही पिऊ नका. फक्त रविवारी चारला तात्या आले की त्यांना आत बोलवा, एक कप करून द्या, हवी तेवढी साखर घाला, आणि त्यांचा पिऊन होईपर्यंत समोर बसा.