एका छिद्राला तीन चिठ्ठ्या

मागच्या रविवारी सकाळीच चोपड्याला अक्काकडे जाऊन पोहोचले. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. काम तसं किरकोळ होतं... तिच्या केळीच्या शेतातली ठिबकची जुनी नळी मागायची होती.

मी जळगावला एका शाळेत इतिहास शिकवते. नववीच्या मुलांना सनावळ्या पाठ असतात, पण कशाच्या आधी काय घडलं असं विचारलं की सगळा वर्ग छताकडे बघतो. म्हणून यंदा कालरेषा करायची ठरवली, आणि रेषा म्हणून ठिबकची नळी. तिला सारख्या अंतरावर छिद्रं असतात... एक छिद्र म्हणजे एक वर्ष. वरच्या अंगाला देशातल्या घटना, खालच्या अंगाला आपल्या घरातल्या. चिठ्ठी लिहायची आणि त्या त्या छिद्रापाशी दोऱ्याने बांधायची.

नियम एकच ठेवला होता. घरातल्या घटनेला एक तरी कागद दाखवायचा, नुसती ऐकीव गोष्ट चालणार नाही.

नमुन्याची नळी माझ्याच घराची करावी म्हटलं. अक्काच्या ओट्यावर नळी सरळ पसरली, दोन्ही टोकांवर विटा ठेवल्या. अक्काने ट्रंकेतून आई-नानांच्या कागदांची पिशवी काढून दिली आणि शेजारी मेथी निवडत बसली.

अक्काला एकही सन सांगता येत नाही. "सन कोन ध्यानमा ठेवस?" म्हणाली. विहिरीला पाणी लागलं ते साल, वादळात केळी आडवी झाली ते साल... असं तिचं असतं. पण त्याला किती वर्षं झाली ते मात्र पक्कं. मी मोबाइलवर वजाबाकी करेपर्यंत ती नेमक्या छिद्रावर बोट ठेवून मोकळी व्हायची. एकदा मी दोन छिद्रं चुकले, तेही तिनेच दाखवलं. मी हसले आणि चिठ्ठी सोडून पुन्हा बांधली. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही, बघा.

आमच्या घरात एक जुनी गोष्ट आहे. अक्काला गणित जमेना, म्हणून तिने सातवीत शाळा सोडली. कुणाला गणितात मार्क कमी पडले की "अक्कावर गेला" म्हणायचं आणि हसायचं. माझी मुलंही हसली. मी तर वर्गातसुद्धा सांगत आलेय, गणिताला घाबरू नका, नाहीतर माझ्या बहिणीसारखं व्हाल. अक्काही सगळ्यांबरोबर हसायची.

दुसरीही एक गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या जन्मानंतर आई फार आजारी पडली, वर्षभर धुळ्याच्या दवाखान्यात जाऊन-येऊन होती. ही सांगताना सगळ्यांचे आवाज खाली यायचे. दोन्ही गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या, पण कधी एकापाठोपाठ एक ऐकल्या नाहीत.

तर... माझा जन्मदाखला निघाला, जून महिन्याचा. ती चिठ्ठी बांधली. मग आईच्या दवाखान्याचा कागद, त्याच वर्षीचा, जुलै. तीही बांधली. पिशवीच्या अगदी तळाशी अक्काचा शाळा सोडल्याचा दाखला होता. वर्ष तेच, महिना ऑगस्ट. तिसरी चिठ्ठी बांधायला त्या छिद्रापाशी जागाच उरली नव्हती.

दाखल्यावर एक रकाना असतो, अभ्यासातील प्रगती. त्यात लिहिलं होतं... उत्तम.

इतकी वर्षं मुलांना कार्यकारणभाव शिकवतेय, आणि माझ्या घरातलं कारण मला दिसलं नव्हतं.

"अक्का, गणिताचं खरं नव्हतं ना गं?" मी विचारलं.

ती मान वर न करता म्हणाली, "तुले कोन सांभायतं मंग?"

मेथीची पुढची काडी निवडता निवडता स्वतःच म्हणाली, "मायना जीवले लागतं ना बाई. म्हनीसन गनितनं नाव सांगं."

आपल्या आजारपणामुळे पोरीची शाळा सुटली, हे आईच्या मनाला लागू नये म्हणून बारा वर्षांच्या मुलीने स्वतःला ढ ठरवून घेतलं. आई गेली तरी तिने ते बदललं नाही. आणि आम्ही हसत राहिलो.

मी ओट्यावर बसून रडले. सॉरी म्हटलं, तर अक्का चहा ठेवायला आत निघून गेली.

मी एकटीच नळीकडे बघत बसले. त्या छिद्राच्या पुढे माझी पहिली, माझी दहावी, माझं बी.एड., माझी नोकरी... सगळ्या शाळा माझ्या. अक्काची शाळा तिथेच संपत होती.

सोमवारी नळी वर्गाच्या भिंतीला लावली. तुम्हाला मी माझ्या बहिणीबद्दल जे सांगत आले ते चूक होतं, असं मुलांना आधी सांगितलं. मग तीन चिठ्ठ्या वाचून दाखवल्या आणि खरं काय ते सांगितलं. एका मुलीने जवळ येऊन ती तिसरी चिठ्ठी दोऱ्याने जरा घट्ट बांधली.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. केळीचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, आणि मग हळूच विचारलं, "पोरं हासनात का वं माले?"

"नाही अक्का," मी म्हटलं. "कोणीच हसलं नाही."

हसणारे आम्ही होतो. अक्का, माझ्या नावापुढे जी पदवी लागते ना, ती तुझ्या वाट्याच्या शाळेतून आलीय. हे तुला समोर बसून नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.