दुसरी सही

बबिताताईंनी धम्मदीपला पहिल्यांदा नीट पाहिलं ते तो कॉम्प्युटर दुरुस्त करायला आला त्या दिवशी. कॉम्प्युटर दहा मिनिटांत सुरू झाला, पण हा पोरगा उठेचना. बबिताताई वहीतून नंबर काढून एकेकाला फोन करत होत्या, "दादा, बी पॉझिटिव्ह पाहिजे, येता का?" आणि तो समोर बसून ऐकत होता. दोन तासांनी चहाचा कप स्वतः विसळून ठेवत म्हणाला,

"ताई, तुम्ही आजारी पडल्या त हे फोन कोण करन?"

"मी कायले आजारी पडते?" बबिताताई हसल्या. पण तो हसला नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांना वेळेवर रक्त मिळावं म्हणून यवतमाळात ही लहानशी संस्था चालते. धम्मदीप घाटंजीचा. त्याच्या बहिणीची, उर्वशीची मुलगी निकिता हिला हाच आजार. लहानपणापासून इतक्यांदा रक्त चढवलेलं, की आता तिला कोणाचंही रक्त चालत नसे. तपासण्या करून जुळलेले चारच दाते होते. त्यामुळे पुण्याची नोकरी सोडून हा मुलगा कमी पगारात संस्थेत का आला, हे बबिताताईंना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

त्याने फोनचं काम यंत्रावर घेतलं. कुणाला रक्त हवं ते नोंदवलं, की जुळणाऱ्या दात्यांना आपोआप संदेश जाई. पण वही तशीच होती, आणि तिच्यातून दिपाली नावाच्या, रक्त देणाऱ्या एका मुलीचा नंबर कुणीतरी उचलला. महिनाभर तिला घाणेरडे फोन येत राहिले. धम्मदीपला ते फार लागलं. त्याने नावं-नंबर अशा कुलपात घातले की कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅमशिवाय कुणालाच, त्यालाही, वाचता येऊ नयेत. वही बबिताताईंनीच कार्यालयामागे जाळली. अठरा वर्षांचं अक्षर होतं त्यात.

मग त्याने आणखी एक बंदोबस्त केला. तो समजावून सांगायला त्याने जेवणाचे डबे टेबलावर मांडले.

"हे कंटेनर. एकेका डब्यात एकेक काम. असे डबे सांभाळणारी पाच-सहा यंत्रं मिळून क्लस्टर. आणि कोणत्या डब्यात काय असावं, हे कॉम्प्युटरमधल्या गिट नावाच्या वहीत लिहिलेलं. वहीत लिहिलं तेच चालन. कोणी डब्यात हातानं काही बदललं, त दहा सेकंदात पुन्हा वहीसारखं होऊन जाईन."

"आन वहीतच चुकलं त?"

"म्हणून वहीत काही बदलाचं त दोन सह्या. एक माही, एक कपिलची. तिसरी तुमची टाकू का?"

"मले काय समजते त्यातलं, बापा? उगाच अंगठाछाप सही करून ठेवीन."

कपिल त्याचा कॉलेजातला मित्र. तो राजूरकडे कोळसा खाणीत सर्व्हेअर होता आणि फावल्या वेळात संस्थेला मदत करी. दोघांनी मिळून डबे वहीबरहुकूम ठेवणारी ही राखण उभी केली, आणि घाईगर्दीत आपल्याकडूनही गडबड होऊ नये म्हणून धम्मदीपने ती थांबवण्याची स्वतःची किल्लीसुद्धा काढून टाकली. बबिताताईंना त्याचं कौतुक वाटलं. स्वतःवरही विश्वास न ठेवणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटची चाचणी चालू होती. चाचणीचे संदेश खऱ्या दात्यांना जाऊ नयेत म्हणून सगळे धम्मदीपच्याच मोबाईलवर येतील असं वहीत लिहिलेलं होतं. चाचणी नीट झाली. बाहेर नागपूरला दीक्षाभूमीवर निघालेली गाडी हॉर्न वाजवत होती. गाडीतून पांढऱ्या साडीतली त्याची आई मथुराबाई ओरडत होती, "दीपा, चाल ना रे! जागा जाते." राखण अजून चालू केलेली नव्हती. त्याने हातानेच चाचणी बंद केली, वहीत आल्यावर लिहू म्हणाला आणि पळाला.

नागपूरहून परतल्यावर आठवड्याने त्याने राखण चालू केली. वहीत लिहायचं राहिलं होतं, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. राखणीने आपलं काम केलं. वहीप्रमाणे चाचणी पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी पोहे खाताना निकिताच्या उजव्या हातातून चमचा पडला. पुन्हा उचलता येईना. उर्वशीने तिला तशीच गाडीत घालून यवतमाळला आणलं. डॉक्टरांनी पाहताच सांगितलं, मेंदूला रक्त कमी पडतंय, रक्त लवकरात लवकर बदलावं लागेल.

सव्वानऊला बबिताताईंनी मागणी नोंदवली. शेजारच्या टेबलावर धम्मदीपचा मोबाईल वाजला. एकदा, दोनदा, चारदा.

त्याने पाहिलं. चारही संदेश दात्यांना जायचे होते. "आज आपल्या रक्ताची गरज आहे."

"काय झालं रे?" बबिताताईंनी विचारलं. त्याने कीबोर्ड पुढे ओढला. बोटं भराभर चालत होती. त्याने हाताने दुरुस्ती केली. प्रोग्रॅम नव्याने उभा राहायला मिनिट लागायचं, राखण दहा सेकंदांत जुनं आणून ठेवायची. पुन्हा केली. पुन्हा तेच. मग त्याने वहीत दुरुस्ती लिहून पाठवली, आणि पडद्यावर पिवळी पट्टी आली: दुसऱ्या सहीची प्रतीक्षा.

कपिलचा फोन बंद. खाणीच्या कार्यालयात लावला, तर तिकडचा माणूस म्हणाला, "साहेब खाली उतरले ना. मोबाईल इथंच जमा हाये. वर येतीन अडीचले."

"निरोप द्या ना भाऊ खाली! पोरीच्या जिवाचं काम हाये."

"देतो. पण ते लई आत गेले, भाऊ."

निरोप पोचला नाही, किंवा पोचायला वेळ लागला. रक्तपेढीत शेकडो दात्यांची नोंद होती. निकिताला जुळणारे त्यातले चार कोण, ते फक्त कुलपातल्या यादीत. बबिताताईंनी डोळे मिटून जळालेलं पान आठवायचा प्रयत्न केला. एक नाव आठवलं, गोविंदा, कळंबचा. नंबरचे पहिले चार आकडे आठवले. पुढचे नाही. त्यांनी कळंबला भाचीला फोन करून विचारलं. तिकडे गोविंदा नावाचे तिघं निघाले, आणि तिघांनीही कधी रक्त दिलेलं नव्हतं.

बारा वाजता उर्वशीचा फोन आला. "दादा, कोणी आलं का?"

"येऊन राह्यले," तो म्हणाला.

बबिताताईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून बसला होता. करण्यासारखं काही उरलं नाही की माणूस हात असे ठेवतो.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी कपिलची सही आली आणि पिवळी पट्टी हिरवी झाली. संदेश गेले. पंधरा मिनिटांत दोघांचे होकार आले. एक जण हातातलं काम टाकून निघाला. तपासण्या होऊन रक्त निकिताला लागलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजत आले होते.

पोरगी वाचली. उजवा हात पुरता परत आला नाही. सकाळीच रक्त मिळालं असतं तर आला असता का, हे धम्मदीपने डॉक्टरांना तीनदा विचारलं. डॉक्टर तिन्ही वेळा म्हणाले, "सांगता येत नाही."

उर्वशीने त्याला कधी एक शब्द विचारला नाही. तिने विचारावं, असं बबिताताईंना वाटत राहिलं.

धम्मदीप अजून संस्थेतच आहे. दर शनिवारी दुपारी तो घाटंजीला जातो, आणि निकिताच्या उजव्या हाताचा व्यायाम अर्धा तास करून घेतो.