मामांनी घेतलेलं माप

आमच्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, यांच्याइतका गरीब स्वभावाचा माणूस अख्ख्या माळेगावात सापडायचा नाही. आणि त्यांच्या हाती करवत आली की त्यांच्याइतका निर्दयही नाही! कारखान्यातून निवृत्त झाले आणि दोन खोल्यांच्या घरात त्यांनी सुतारकाम मांडलं. हत्यारं म्हणाल तर एक करवत, एक रंधा, एक पटाशी आणि स्वतःच्या उजव्या पायाचा अंगठा. फळी उंबऱ्यावर आडवी टाकायची, पायानं दाबायची आणि कापत सुटायचं. तेवढा वेळ घर बंद! एकदा मी परसातल्या न्हाणीतून अंघोळ करून आलो, तर मागच्या दारात हा कारखाना सुरू. ओल्या टॉवेलावर अर्धा तास कुडकुडलो. "मामा, आत तरी येऊ द्या!" तर म्हणतात, "थांब जरा, करवत रंगात आलीया." लाकूड जुन्या बैलगाडीचं, बाभळीचं. त्यांचा साधा पाट हलवायचा तरी दोन माणसं लागतात. चहात भुसा निघाला, तर "बाभळीचा हाय, बाधत न्हाय" हे वर!

मागच्या हिवाळ्यात आत्याचे गुडघे गेले. खाली बसता येईना, भाकरी थापणं सुटलं. "आता मी कशाला हाय ह्या घरात?" असं ती एकदा सुनेला म्हणाली. मामांनी ते ऐकलं, आणि त्यांना घास जाईना. दुसऱ्या दिवशी उभ्यानं भाकरी थापायचं टेबल करायला घेतलं. आठ दिवस राबले, आणि टेबल आलं आत्याच्या छातीपर्यंत!

"अवो, माप कुणाचं घेतलं?" आत्यानं विचारलं.

"माझ्याच कमरंचं."

"थापायची मी, अन् माप तुमचं? माझं घ्यायचं की!"

मामा कानापर्यंत लाल. "सुनंच्या म्होरं?"

मी मात्र भडकलो. म्हटलं, "मामा, नातवंडं झाली तुम्हाला! आता कसली लाज?"

मामांनी आत्याला भिंतीशी उभं केलं, आणि सून, मी, दारातली शेजारीण, सगळ्यांदेखत खाली बसून जमिनीपासून तिच्या कमरेपर्यंत विता मोजत गेले. "साडेतीन," म्हणाले, आणि लगेच टेबलाचे पाय कापायला पळाले.

संध्याकाळी भाकरी थापता थापता आत्या मला हळूच म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं चारचौघांत पयल्यांदा हात लावला बघ त्यांनी." मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. केवढा उशीर केला या माणसानं!