वहिनीची हिरवी तार

दादा माझ्या दुकानात कधी येत नसे. सीताबर्डीच्या गल्लीत मी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं त्याला बरीच वर्षं झाली, तेवढ्या काळात तो दोनदा आला असेल. शाळेच्या वेळात तर कधीच नाही, कारण तो हाडाचा मास्तर, तास बुडवणं त्याला जमतच नाही. म्हणून त्या मंगळवारी अकराच्या सुमारास तो काउंटरपाशी येऊन उभा राहिला तेव्हाच मला कळायला हवं होतं. ‘दुकान बंद कर गा,’ तो म्हणाला. मी मानसुद्धा वर केली नाही. ‘एवढा एक डाग देतो न येतो,’ म्हटलं. तो थांबला. मी सोल्डर टेकवलं, धूर निघाला, तार बसली, मी फुंकर मारली. मग तो म्हणाला, ‘सुमन गेली.’ ... तो डाग चांगला बसला होता. आज सहा आठवड्यांनीही मला तेच आठवतं, आणि त्याची लाज वाटते.

सुमन म्हणजे माझी वहिनी. नळाचं पाणी भरून झाल्यावर ओट्यावर टेकली, शेजारच्या बाईंना म्हणाली जरा दम लागून राहिला, आणि डॉक्टर येईस्तोवर सगळं संपलं होतं. चाळिशीही गाठली नव्हती. घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंते येऊन गेले, पाहुणे आपापल्या गावी परतले. मी अजून रडलेलो नाही. लोक म्हणतात, धाकटा मोठा धीराचा आहे. कसला धीर डोंबलाचा! आत काही हलतच नाही, एवढंच.

लग्नात तिच्या मामांनी रेडिओ दिला होता. लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा, सुरू केला की तापायला मिनिटभर घेणारा. बाकी नव्या नवऱ्या दागिने, भांडी दाखवायच्या. ही आल्यागेल्याला रेडिओ दाखवायची. काही महिन्यांतच तो मुका झाला. मी तेव्हा मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसलो होतो आणि एका ओळखीच्या मेकॅनिककडे नुसता बघत बसायचो, तेवढ्या ज्ञानावर म्हटलं, मी करतो. दादा म्हणाला, हात लावू नको. वहिनी म्हणाली, ‘उघडा जी भाऊजी, दिवा धरायले मी हाय ना.’ दुपारभर तिने टेबलाचा दिवा धरला. मी बोटं भाजून घेतली, घरात सापडलं ते जोडलं, आणि संध्याकाळी रेडिओ बोलला. आत नेमकं काय काढलं, काय लावलं, ते मी आठवड्याभरात विसरलो. रेडिओ बोलला ही फुशारकी मात्र वर्षभर मारली.

पुढे मी रीतसर कोर्स केला आणि शहाणा झालो. त्या काळी घरोघर रेडिओला कापडी कव्हर असायचं, त्यावर मोर, गुलाब, फार तर ‘सुस्वागतम्’. वहिनी गांधीबागेतून पांढरं मॅटीचं कापड घेऊन आली, दादाच्या चौकटीच्या वहीतली पानं फाडली (त्यावरून दोन दिवस अबोला), आणि महिनाभर मान खाली घालून बसली. कव्हर झालं तेव्हा आम्ही बघतच राहिलो. ना मोर ना गुलाब. रेडिओच्या मागच्या फळीला आतून जो सर्किटचा कागद चिकटवलेला असतो, तो अख्खा नकाशा तिने काळ्या दोऱ्याच्या फुल्याफुल्यांनी भरला होता. व्हॉल्व्हचे गोल, कॉइलची वेटोळी, स्पीकर, सगळं. ‘जे आत हाय तेच वर,’ ती म्हणाली. ‘मोर काय बोलते का?’

खरं सांगतो, मला हेवा वाटला. कोर्समध्ये मी तो नकाशा घोकून घोकून शिकलो होतो आणि या बाईने तो सुईने शिकून घेतला होता. मी कव्हर हातात घेऊन बोटाने एकेक रेघ तपासली आणि चूक सापडली तेव्हा कोण आनंद झाला मला! स्पीकरची एक तार ट्रान्सफॉर्मरकडे जायला हवी, ती हिने खाली चासीकडे, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याकडे नेली होती. ती तेवढीच हिरव्या दोऱ्याने. मी म्हटलं, ‘वहिनी, काळा दोरा संपला आणि अक्कलही संपली का? असा रेडिओ बांधला तर मुका राहील. उसवा ती.’

‘मोजून घातलं जी मी.’

‘मोजून चुकलं.’

‘मंग उघडून पाहा ना.’

‘मला उघडायची काय गरज? नकाशा पाठ आहे माझा.’

ती हसली आणि कव्हर रेडिओवर चढवून टाकलं. उसवलं नाही. त्या दिवसापासून घरी कोणी आलं की मी कव्हर दाखवायचो आणि वर म्हणायचो, ‘ही बघा आमच्या वहिनीची चुकलेली तार.’ पाहुणे हसायचे. तीही हसायची आणि चहा ठेवायला जायची. वर्षानुवर्षं हे चाललं. मी थांबलो नाही, आणि तिने एकदाही आवाज चढवला नाही.

नवीन काही निघालं की तिचा जीव त्यात अडकायचा. मी पहिला कॅल्क्युलेटर दुकानात आणला तर त्यातले छोट्या छोट्या रेघांचे लाल आकडे बघून म्हणाली, ‘बाप्पा, हे तर आपले टाकेच होत!’ आणि दादाच्या उशीवर शून्य ते नऊ भरले. दादा बिचारा वर्षभर आकड्यांवर झोपला. नागपुरात टीव्ही आला, आमच्या अँटेनाला धड काही दिसेना, नुसत्या काळ्यापांढऱ्या मुंग्या. तिने एका चौकोनावर त्या मुंग्याच भरल्या, पडद्यासमोर बसून, डोळे बारीक करून. मी विचारलं, ‘आता हे कशावरून मोजलं?’ तर म्हणाली, ‘काहून? मुंग्या मोजता येते का? हे मनानं.’ तो चौकोन मी दुकानात लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय आहे. मी सांगत नाही.

मागच्या आठवड्यात दादा म्हणाला, ‘रेडिओ बोलून नाही राहिला. पाहतो का?’ संध्याकाळच्या बातम्यांना तो सवयीने बटण फिरवतो. मी हत्यारं घेऊन गेलो. मागची फळी काढली तर सर्किटचा कागद वाळवीने कधीच खाऊन टाकलेला, फळीला नुसती माती. व्हॉल्व्ह पाहिले, चांगले होते. इतक्या वर्षांत मी त्यातले व्हॉल्व्ह कितीदा बदलले, पण त्याला चासी बाहेर काढावी लागत नाही, ते मागूनच निघतात. या वेळी चासी काढणं भाग होतं. आणि पाठ असलेला नकाशा मला आठवेना. डोकंच चालत नव्हतं. मग मी कव्हर टेबलावर पसरलं आणि त्याच्या शेजारी चासी उलटी ठेवली.

कापडावरची एक रेघ, आतली एक तार, असं बोट ठेवत गेलो. सगळं जुळत होतं. स्पीकरपाशी आलो. तिथून एक हिरवी तार खाली चासीकडे आली होती... खरी तार. टोकाला नवशिक्याने दिलेला सोल्डरचा ढेकळासारखा डाग, आणि तो सुटलेला. ती दादाच्या जुन्या सायकलच्या दिव्याची तार होती. मी कापून आणली होती, त्या दुपारी, वहिनी दिवा धरून उभी असताना. ट्रान्सफॉर्मरकडची मूळ तार तुटली होती म्हणून मी ही भलत्या वाटेने नेली, आणि रेडिओ बोलला म्हणून विसरलो. तिने कव्हर भरलं ते कागदावरून नव्हतं नुसतं. तिने आत पाहिलं होतं ते भरलं होतं, माझी तारही, तिच्या रंगासकट.

उघडून पाहा ना, म्हणाली होती. एकदा उघडून पाहिलं असतं तर काय बिघडलं असतं माझं? मला वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं. मी जुना डाग खरवडला, नवा दिला, फुंकर मारली. रेडिओ मिनिटभर तापला आणि बोलायला लागला.

‘काय झालं होतं?’ दादाने विचारलं.

‘तार सुटली होती.’

‘कोणती?’

मी कव्हरवर बोट ठेवलं. दादा जवळ आला, चष्मा वर करून पाहू लागला. ‘ही तर तिची चुकलेली तार ना गा?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘ती बरोबर होती दादा. पहिल्यापासून बरोबर होती.’

मी पेटी बंद केल्यावर दादाने कव्हर झटकलं आणि दोन्ही हातांनी रेडिओवर बसवलं. हिरवी तार बाजूला जात होती, ती त्याने ओढून समोर घेतली. मग आम्ही दोघांनी बातम्या ऐकल्या.